खाडा पडला की नारळ

जो माणूस रोज नेमानं व्यायाम करतो ना, त्याचा किस्सा कधी होत नाही. तो उठतो, चालतो, घरी येतो, आंघोळ करतो, संपलं! त्यात चारचौघांत सांगण्यासारखं काय आहे? किस्सा होतो तो खाड्याचा. आधी चार दिवस दांडी, मग आठवडा, मग महिना, आणि मग एक दिवस मान खाली घालून परत येणं. आमच्या ग्रुपमध्ये असे खाडे इतके पडलेत की एक किस्सा सांगायला घ्यावा तर दुसरा मधेच तोंड घालतो.

आमचा ग्रुप म्हणजे पहाटे रंकाळा तलावावर जमणारी सहा माणसं. चालणारी पाच, बसणारी एक. नावबिव काही नाही. व्हॉट्सअॅपवर नुसतं 'रंकाळा' लिहिलंय आणि फोटोच्या जागी नारळ आहे. नारळ का, ते येईलच पुढं.

मी शोभा. माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. लोकांचे खाडे मला डॉक्टरच्या आधी कळतात, कारण टेप माझ्या हातात असते! बाई येते आणि म्हणते, "वहिनी, ब्लाउज आटला बघा." मी म्हणते, "व्हय, हल्ली कापडच तसलं येतंय." गिऱ्हाईकाला काय सांगू, की बये, कापड आहे तिथंच आहे, तूच पसरलीस?

आणि एक आधीच सांगून ठेवते. आमच्या कोल्हापुरात बायकासुद्धा 'मी येतो', 'मी जातो' असंच बोलतात. मी लिहिताना जरा सुधारून लिहितेय, पण बाकीच्यांचं बोलणं आहे तसंच ठेवणार. गोंधळू नका म्हणजे झालं.

*

ग्रुपचे म्होरके आबा. एस.टी.त ड्रायव्हर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण अजून चालताना वळण आलं की उजवा हात बाहेर काढतात! पांढरे कॅनव्हासचे बूट, कानाला मफलर, आणि चाल अशी की तरण्या पोरांना धाप लागावी.

आबांना खाडा नाही. पाऊस असो, थंडी असो, आदल्या दिवशी घरात लग्न झालेलं असो. नातीच्या बारशाला पाव्हणे दारात आले तरी आबा घरात नाहीत. "पाळणा काय पळून जातोय व्हय? फेरी मारून आलो की!" असं सांगून गेले होते.

मी एकदा विचारलं, "आबा, खरं सांगा, तुम्हाला कधी कंटाळा येत नाही?"

"येतोय की! रोज येतोय. त्येला संगं घिऊन चालतोय."

मी त्या दिवशी मशीनवर बसून दिवसभर तेच घोळवत होते. कंटाळा गेल्यावर चालायचं असतं, असंच मला तोपर्यंत वाटत होतं.

*

आता माझाच किस्सा. लग्नसराई सुरू झाली, दुकानात ब्लाउजांचा ढीग पडला, आणि माझा खाडा पडला तो थेट संक्रांतीपर्यंत. मग टेप एकदा स्वतःला लावून बघितली आणि गपचूप घडी घालून ठेवली. जायला तर पाहिजे होतं, पण आबांसमोर जायचं कसं?

मी डोकं लढवलं. ग्रुप रोज काठावरच्या टॉवरपासून डावीकडनं फेरी सुरू करतो. मग आपण उजवीकडनं सुरू करायची. म्हणजे गाठ पडायची भानगडच नाही!

रंकाळ्याला फेरी मारायची म्हणजे गोल फिरून यायचं. उलटं चाललं की गाठ पडणारच, आणि तीही अगदी समोरासमोर, हे काही माझ्या सुपीक डोक्यात आलं नाही! शालिनी पॅलेसच्या वळणावर चौघंच्या चौघं माझ्या पुढ्यात उभे. मी ओढणी तोंडावर घेतली. तेवढ्यानं काय होतंय?

आबा म्हणाले, "काय पावणं, नो एन्ट्रीतनं आलासा जणू!"

मी कारणांची माळ लावली. लग्नसराई, कारागीर गावाला गेलेली, सासूबाईंचं पथ्यपाणी. आबांनी हात वर केला.

"कारण न्हाई सांगायचं. गाडी वाटंत बंद पडली तर पॅसेंजरनं ड्रायवरसंगं भांडत बसायचं नसतंय. खाली उतरायचं आणि ढकलायचं. चला!"

काठावर एक लहानसा मारुती आहे. आबा तिथं थांबले आणि मला म्हणाले, "नवी गाडी घेतली की नारळ फोडताय, दुकान उघडलं की नारळ फोडताय. मग मानूस परत आलंय, त्येला नारळ नको व्हय? आणा जावा!"

मी नारळ आणला, फोडला, आणि कायदा झाला तो झालाच. खाडा पडला की परत येताना नारळ. ज्याचा खाडा त्यानंच आणायचा आणि त्यानंच फोडायचा, दुसऱ्यानं बोट लावायचं नाही. आणि 'कुठं होतास इतके दिवस' असं कुणी, अजिबात, विचारायचं नाही.

*

ह्या कायद्याचा सगळ्यात मोठा लाभार्थी म्हणजे संभाजी. त्याची मटणाची खानावळ आहे. माणूस सोन्यासारखा, पण वजन त्याहून भारी! डॉक्टरनी शुगरचा दम दिला म्हणून चालायला लागला, आणि लागल्यापासून त्याचं चालणं कमी आणि परत येणंच जास्त. मारुतीजवळची नारळवाली मावशी संभाची स्कूटर दिसली की न विचारता नारळ काढून ठेवते.

फोडलेल्या नारळातलं एकेक तुकडा खोबरं आम्ही खायचो. उरलेलं संभा पिशवीत भरायचा. "प्रसाद हाय वहिनी, वाया घालवू नये." आम्हाला वाटायचं, काय भाविक माणूस आहे!

आमच्यात एक डॉक्टर मॅडम आहेत, मृणाल मॅडम. त्यांच्याकडं पुण्याचे पाव्हणे आले म्हणून त्या सगळ्यांना घेऊन संभाच्या खानावळीत जेवायला गेल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे संभाला म्हणाल्या, "संभाजीराव, पांढरा रस्सा काय झाला होता काल! वाटीला चिकटत होता!"

संभा लाजला. "त्येचं काय हाय मॅडम, पांढऱ्या रस्श्याला नारळाचं दूध लागतंय. आणि ह्या म्हयन्यात माझं खाडं जरा जास्तच झाल्यात न्हवं!"

आबा चालता चालता थांबले. "म्हंजे लेका, तुझा खाडा तू गिऱ्हाइकाला वाढतोयस?"

*

संभाच्या लेकीनं त्याला मनगटावरचं घड्याळ दिलं. पावलं मोजतं, काळजाचे ठोके मोजतं, झोपलात की झोप मोजतं. एक दिवस संभा फेरी सुरू व्हायच्या आधीच कट्ट्यावर बसून राहिला.

"चल की रे," आबा म्हणाले.

"माझं झालं आबा. ह्ये बघा, आजचं टारगेट पुरं. घड्याळ टाळ्या वाजवायलंय!"

आम्ही सगळे घड्याळावर वाकलो. खरंच की! पहाट व्हायची होती अजून, आणि ह्या माणसाचं दिवसाचं चालणं पूर्ण! नंतर उलगडा झाला. रात्री मोठी ऑर्डर होती, आणि संभा तांबड्या रस्श्याच्या हंड्यात डाव फिरवत उभा होता. बिचाऱ्या घड्याळाला वाटलं, माणूस जोतिबाच्या डोंगरावर निघालाय!

मृणाल मॅडम म्हणाल्या, "हरकत नाही संभाजीराव, एक हात बारीक होईल."

आम्ही खो खो हसलो. मी तर म्हणाले की ह्याच्या इतके खाडे अख्ख्या कोल्हापुरात कुणाचे नसतील. आबा मात्र हसले नाहीत.

"खाडं काय मोजतीस शोभा? इतकं नारळ फोडलं म्हंजे इतक्या येळा परत आलाय की त्यो! जे एकदा गेलं आणि आलंच न्हाईत, त्येंचा एकतरी नारळ हाय काय हितं?"

संभा घड्याळाशी उगाच खुडबूड करत राहिला. मग उठला आणि त्या दिवशी फेरी पूर्ण केली, आमच्या पुढं चालून.

*

मृणाल मॅडम फिजिओथेरपिस्ट. लोकांचे जाम झालेले गुडघे आणि खांदे परत चालू करून देतात. पेशंटनं घरी व्यायाम चुकवला की असं फैलावर घेतात की मोठे मोठे पैलवान पाय पोटाशी घेतात. पण लेकीच्या बारावीच्या वर्षात मॅडमचाच खाडा पडला.

परत आल्या त्या पर्समध्ये नॅपकिनात गुंडाळलेला नारळ घेऊन. मारुतीपाशी पोचल्या, तर तिथं एक आजोबा आधीच नारळ घेऊन उभे. मॅडमचेच पेशंट! गुडघ्याचे व्यायाम चुकवून, मॅडमच्या भीतीनं क्लिनिककडं न फिरकलेले. आमच्या नारळाचं त्यांनी कुठनं तरी ऐकलं होतं, आणि उद्या क्लिनिकला जायच्या आधी देवापुढं हिशेब मिटवावा म्हणून आले होते.

दोघांनी एकमेकांच्या हातातला नारळ बघितला.

"मॅडम... तुमचाबी?"

मॅडम लाल झाल्या, पण खोटं बोलल्या नाहीत. "माझा तुमच्यापेक्षा मोठा आहे, काका."

आजोबा इतके हसले, इतके हसले की काठी टेकून खाली बसले. "मला वाटायचं, ह्ये आमच्यासारख्या गबाळ्याचंच काम हाय!"

मॅडम सांगतात, तेव्हापासून आजोबांनी व्यायाम चुकवला नाही. आणि आता पेशंटला झापायच्या आधी त्या आपला खाडा सांगतात, मग झापतात.

*

आमचे पाटील कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशीनवर आहेत. कोल्हापुरात खोली करून राहतात, घर मात्र जयसिंगपूरच्या बाजूला, अगदी नदीकाठच्या गावात. बोलायला मुलखाचे कंजूस. फेरी संपेपर्यंत 'व्हय' आणि 'न्हाई' एवढंच.

एका पावसाळ्यात नदीचं पाणी त्यांच्या घरात शिरलं. ते गावाकडं पळाले, आणि नंतर पत्ताच नाही. फोन बंद. आम्ही रोज रंकाळ्याच्या पाण्याकडं बघत फेरी मारायचो.

पूर ओसरला, त्यालाही बरेच दिवस झाले, आणि एका पहाटे पाटील आले. अंगातला शर्ट हँगरला अडकवल्यासारखा. नखांत अजून चिखल. आणि हातात नारळ!

आबा पुढं झाले. "पाटील, ह्यो खाडा न्हवं. ठेवा त्यो नारळ पिशवीत."

पाटलांनी मान हलवली. "न्हाई आबा. खाडा त्यो खाडाच. घरातला चिखल निघाला. डोस्क्यातला निघंना झालाय, म्हणून आलोय."

फावडं मारून मारून त्यांच्या हातात जोर राहिला नव्हता. पहिल्या दणक्यात नारळाला चीरसुद्धा गेली नाही. संभाला राहवेना, तो हात पुढं करून धावला. आबांनी मागनं त्याची कॉलर धरली.

"ज्येचा नारळ त्येनंच फोडायचा. आपुन खोबरं खायाला हाय."

पाटलांनी फोडला. त्या दिवशी आम्ही सगळे त्यांच्या चालीनं चाललो, कुणी पुढं गेलं नाही, कुणी पुराचं नाव काढलं नाही. शालिनी पॅलेसपाशी आल्यावर पाटील आपणहून बोलले, "म्हशी वाचल्या."

आबा म्हणाले, "मग दूध चालू हाय?"

"व्हय."

"बास!"

एवढंच बोलणं झालं. मी ओढणीनं डोळे पुसत मागं राहिले.

*

आता बसणारीबद्दल. विमलकाकू, आबांची बायको. रोज पहाटे आबांच्या स्कूटरवर मागं बसून यायची, टॉवरजवळच्या कट्ट्यावर थर्मास घेऊन बसायची, आणि आबांची फेरी झाली की त्यांना चहा ओतून द्यायची. फेरी कधी एक मारली नाही. फेरी सोडा, कट्ट्यापासून नारळवालीपर्यंतसुद्धा जायची नाही, तिलाच हाक मारून बोलावून घ्यायची.

एका रविवारी आम्ही जोतिबाचा डोंगर चालत चढलो. वर पोचलो तेव्हा आमच्या तोंडाला फेस आलेला, आणि काकू जीपमधनं कधीची येऊन, कपाळभर गुलाल लावून, खोबऱ्याची वाटी खात निवांत बसलेली!

संभा म्हणाला, "काकू, एकदा तरी चाला की वो आमच्यासंगं!"

"कशाला?" काकू म्हणाली. "दोघातल्या एकानं चाललं की संसार चालतोय. आमच्यात ह्येनी चालत्यात, मी बसतो."

आबा हसून म्हणाले, "माझी पॅसेंजर हाय ती. आख्ख्या सर्विसात हिच्यासारखं पॅसेंजर गावलं न्हाई. कवा थांबवा म्हटली न्हाई, कवा उतरली न्हाई!"

वाटीतलं शेवटचं खोबरं तेवढं काकूनं आबांना दिलं.

*

आणि मग एक पहाट अशी आली की आबांची स्कूटर आलीच नाही.

आम्हाला वाटलं, पंक्चर असेल. वाट बघत उभे राहिलो. उजाडलं तरी आबा नाहीत! आबांना खाडा? अशक्य. शेवटी मॅडमना आबांच्या सुनेचा फोन आला. आबांना अटॅक आला होता, मेंदूचा. उजवी बाजू गेली, आणि वाचाही गेली.

दवाखान्यातनं घरी आणल्यावर मॅडम रोज जायला लागल्या. आम्ही विचारायचो, "आबा चालतील का हो?"

मॅडम म्हणायच्या, "पाय परत येऊ शकतो. पण त्यांना तो हवा असला पाहिजे. मी गेले की ते भिंतीकडं तोंड करतात. व्यायाम करत नाहीत, बघत नाहीत, रडतसुद्धा नाहीत."

आम्ही आबांना भेटायला गेलो तेव्हाही भिंतच बघत होते. ज्या माणसानं आम्हा सगळ्यांना ढकलून ढकलून चालू केलं, त्याला ढकलायचं कसं, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. आणि खरं सांगते, ग्रुप मोडलाच. संभा येईना, पाटील येईनात, मॅडम थेट आबांच्या घरी जायच्या, मीही अंथरुणात पडून राहायला लागले. कुणाच्या तोंडाकडं बघून जायचं?

अशात एका पहाटे मी दुधाला निघाले होते. स्कूटी रंकाळ्यावरनं घेतली. बघते तर टॉवरजवळ एक बाई चाललीय. नेसूचा काष्टा मारलेला, एका दिव्याच्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जाते, खांबाला धरून उभी राहते, दम खाते, परत पुढं. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. आबांचे!

मी स्कूटी तिथंच टाकली. "काकू! तुम्ही?"

"ह्येंचा खाडा पडायलाय," काकू धापा टाकत म्हणाली. "पडू द्यायचा न्हाई."

"अवो, पण तुम्ही चालून त्यांचा खाडा कसा..."

"बूट त्येंचंच हाईत न्हवं? मोठं हुत्यात म्हणून चिंध्या कोंबल्यात. बूट चाललं की झालं!"

आणि निघाली पुढच्या खांबाकडं. मी दूध विसरले, स्कूटी विसरले, काकूच्या मागनं चालत राहिले.

घरी येऊन मी सगळ्यांना फोन लावले. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही चौघंही हजर, चौघांच्याही हातात नारळ. नारळवाली मावशी म्हणाली, "आज काय लगीन हाय व्हय?"

*

काकू रोज आली. आधी खांब, मग बाग, मग पार पुढचा संध्यामठ. पाय सुजायचे. मॅडम ओरडायच्या. काकू ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत यायची.

घरी गेली की आबांच्या खाटेपाशी उभी राहून सांगायची, "आज संध्यामठापतोर चाललो, तुमचं." आबांचं तोंड भिंतीकडं. काकू चहा ठेवायला निघून जायची. रोज सांगायची आणि रोज निघून जायची. मी एकदा म्हणाले, "काकू, ते ऐकतात तरी काय?" म्हणाली, "मी सांगायचं काम करतो. ऐकायचं काम त्येंचं."

एक दिवस तिला फार दम लागला. घरी गेली आणि काही न सांगता सरळ स्वयंपाकघराकडं वळली. पाठीमागनं आवाज आला. वाकडा, ओढलेला, पण शब्द होता!

"कुठं... पतोर?"

काकूनं हे आम्हाला कट्ट्यावर सांगितलं तेव्हा संभा टॉवेलात तोंड घालून हमसून हमसून रडला. एवढा मोठा देह, आवरता आवरेना. पाटील त्याच्या पाठीवरनं हात फिरवत बसले. फेरी त्या दिवशी उशिरा सुरू झाली, पण झाली.

त्या दिवसापासून आबांनी भिंत सोडली. काकू सांगायची, "शालिनी पॅलेसपतोर चाललो," की आबा चिडायचे! मॅडमना खुणेनं म्हणायचे, पाय उचल, उचल माझा पाय. काकूची अख्खी फेरी झाली त्या दिवशी आबा खाटेवरनं दारापर्यंत आले. मॅडम म्हणाल्या, इतकी वर्षं प्रॅक्टिस केली, असं इंजेक्शन बघितलं नाही.

*

आणि मग आबा आले.

मुलानं रिक्षातनं आणलं. डाव्या हातात काठी, उजवा हात पोटाशी, पायात त्यांचे ते बूट, आज चिंध्या काढलेले. पाठीमागनं काकू, थर्मास आणि पिशवी घेऊन. आम्ही टाळ्या वाजवायच्या ठरवल्या होत्या, पण हातच उचलेनात.

आम्ही आबांना सांगितलं, "आबा, नारळ नको हां. तुमचा खाडा पडलाच नाही. काकू रोज चालल्यात."

आबांनी काकूकडं बघितलं. तोंडाच्या एका बाजूनं बोलले, "ती... चालली. माझा... खाडा... त्यो खाडा." आणि काकूनं पिशवीतनं नारळ काढून त्यांच्या डाव्या हातात दिला. काठी काखेत.

मारुतीपुढचा दगड बसक्या कट्ट्याला लागून आहे. आबा कट्ट्यावर टेकले आणि डाव्या हातानं नारळ मारला. हाताला सवय नव्हती. नारळ निसटला, दगडावरनं उडाला आणि उतारानं घरंगळत गेला.

संभा धावला. काकूनं हात आडवा घातला.

"थांबा! त्येंचा नारळ हाय."

आबा उठले. काठी टेकत, पाय ओढत नारळापर्यंत गेले. वाकता येईना. मग काठीनं नारळाला ढकललं. जरासा सरकला. परत ढकललं. असं ढकलत ढकलत तो कट्ट्यापर्यंत आणला, पायात अडवला, बसले, उचलला आणि परत मारला. परत निसटला! ह्या वेळी अजून लांब, पार बागेच्या फाटकापर्यंत. आबा परत उठले.

फिरायला आलेली माणसं थांबली. कानातल्या वायरी काढल्या. कुत्री फिरवणारे थांबले. एक अख्खा पळणाऱ्या पोरांचा घोळका जागेवर उभा राहिला. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. मॅडमनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते. कानात म्हणाल्या, "वहिनी, मी त्यांना आज रिक्षापासून कट्ट्यापर्यंतच चाला म्हणून सांगितलं होतं." आणि आबा चालत होते. नारळ जाईल तिकडं जात होते, आणि ढकलत परत आणत होते. घामानं सदरा भिजला. किती वेळा गेले, मी मोजलं नाही. मोजायचं भानच नव्हतं.

शेवटी खाडकन आवाज आला. पाणी दगडावरनं ओघळलं. अख्खा रंकाळा ओरडला असं वाटलं मला! संभानं तर शिट्टीच मारली.

काकू आली, आबांचं तोंड पदरानं पुसलं. मग परत पिशवीत हात घातला आणि अजून एक नारळ काढला.

"ह्यो कुणाचा?" संभानं विचारलं.

"माझा."

"तुमचा कसला खाडा, काकू?"

"लगीन झाल्यापासनचा," काकू म्हणाली, आणि एका दणक्यात नारळाची दोन शकलं केली.

तेव्हा कुठं माझं लक्ष तिच्या पायांकडं गेलं. नवे कोरे बूट, तिच्या मापाचे.

आबा म्हणाले, "अगं... आता मी... आलोय की. तू... बस."

"इतकं दिस तुमचं चालत हुतो," काकूनं काष्टा घट्ट केला. "आता माझं चालतो."

आणि थर्मास आबांच्या मांडीवर ठेवून ती निघाली. मागं बघितलं नाही, आमच्यासाठी थांबली नाही. टॉवर मागं पडला, वळण आलं, आणि वळणावर तिनं उजवा हात बाहेर काढला.

आबांनी डाव्या हातानं थर्मासचं झाकण फिरवलं, चहा ओतून घेतला. मग मान उंच करून, गर्दीतनं वाट काढत बघत, आम्हाला विचारलं,

"कुठं... पतोर गेली?"